शेऱ्याचा रकाना

नवतपाच्या तिसऱ्या दिवशी
भांडेवाडीच्या मागल्या गल्लीत मी शिडी मागितली
तेव्हा एक म्हातारा डोक्यावरचा दुपट्टा सारखा करत म्हणाला,
“याच्या आधीचे साहेब खालूनच पाहत होते जी.”

फाइलीत चारशे बारा छपरं.
चारशे बारा छपरांवर पांढऱ्या रंगाचे दोन हात,
दोन हातांमध्ये चार तासांचं अंतर,
प्रत्येक छपराचा फोटो, फोटोवर अक्षांश-रेखांश,
आणि त्यातल्या सत्तावीस फोटोंत
तीच फुटकी घागर,
त्याच कोपऱ्यात, तोच स्कूटरचा टायर.
खरं तर मी ती घागर शोधत होतो.
लेखापरीक्षकाला कुठून तरी सुरुवात करावी लागते.

सुगंधा रामटेके. अनुक्रमांक एकशे त्र्याण्णव.
तिनं शिडीचा खालचा दांडा पायानं दाबून धरला.
“टिनाले हात नका लावू, भाजन.”
मी लावलाच.

वर छप्पर दोन रंगांचं.
रस्त्याकडचे पत्रे पांढरे, अगदी दुधासारखे,
नाल्याकडचे जसे होते तसे,
गंजलेले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून दगड ठेवलेले.
रंग नेमका तिथं थांबला होता
जिथून पुढं
रस्त्यावर उभ्या माणसाची नजर पोचत नाही.
इतकी सरळ रेघ
आमच्या कचेरीतल्या एकाही नोंदवहीत मी पाहिलेली नाही.

यंत्र रोखलं.
पांढऱ्यावर एक्कावन्न.
गंजावर एकोणसत्तर.

खाली, आत,
तिनं अख्खं घर त्या रेघेप्रमाणे पुन्हा लावलं होतं.
पांढऱ्याखाली बाज, बाजेवर सासरा आणि तान्हं,
मोठीची वह्या-पुस्तकं, सासऱ्याच्या गोळ्या, माठ.
गंजाखाली शेगडी, शिलाई मशीन
आणि मशीनवर ती स्वतः.
“आर्धं तं आर्धं. बाजूच्यायले तेवढंही नाही भेटलं.
तुमी काही लिहान,
आन मंग हे खरवडून तं नाही नेतीन ना?”

प्रपत्र ड. काम पूर्ण: होय / नाही.
दोन शब्दांच्या मधली ती तिरपी रेघ
मी बराच वेळ बघत राहिलो.
नाही लिहिलं तर वसुली, वसुली तर अपील,
अपील तर पुढच्या वॉर्डाचे डबे गोदामात कुलपाखाली,
आणि निकाल लागणार एखाद्या डिसेंबरात,
जेव्हा आपण सगळे स्वेटर घालून
सकाळी उन्हाला बसायची जागा शोधत असतो.
होय लिहिलं
तर मागच्या वर्षीसारखं.

मागच्या वर्षी पाचपावलीच्या दोनशे साठ छपरांवर
मी सही केली होती, टेबलावर बसून.
कूलरच्या वाळ्यावर शिपायानं नुकतंच पाणी मारलं होतं.
त्या फाइलीला अजून तो गार वास येतो.
हे मी घरीही सांगितलेलं नाही.

घागर सापडली, उतरत्या दुपारी,
मुकादमाच्या सासूच्या छपरावर.
छप्पर चारी बाजूंनी पांढरं, बघितलं तरी डोळे दिपावेत.
एवढी फुटकी घागर टाकून का देत नाही, विचारलं
तर म्हातारी म्हणाली,
“काऊन टाकू बाप्पा? फोटोवाले येतात तं
तिले कुठी ठेवली थे आधी पाह्यतात.”

शेऱ्याच्या रकान्यात जागा दोन बोटं.
मी बारीक अक्षरात लिहिलं:
अनु. १९३. रस्त्याकडील पत्रे आठ, रंगवलेले.
नाल्याकडील सात, नाही.
लाभार्थी सातांखाली बसते. तान्हं आठांखाली निजतं.
शेवटची ओळ साहेब खोडतील.
खोडलेलंही वाचता येतं, उजेडासमोर धरलं तर.

शिडी ज्याची होती तो पोरगा
सावलीचा एक पट्टा धरून भिंतीला चिकटून उभा होता.
“अजून किती हायेत?”
चारशे दहा, म्हटलं.
त्यानं शिडी खांद्यावर घेतली, चटका बसला तशी खाली ठेवली,
दुपट्टा दुहेरी घडी करून खांद्यावर टाकला
आणि पुन्हा उचलली.